गॅरेजमधल्या जुन्या सायकलीसाठी, काकांना आभाराचे पत्र

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र टपालाने न पाठवता सर्वांसमोर लिहिते आहे, कारण तुम्ही माझ्यासाठी जे केलेत ते जुन्या सायकली जपणाऱ्या इतर मराठी माणसांनाही कळावे अशी माझी मनापासूनची इच्छा आहे. तुमचे नाव कुठेही घालू नये ही तुमची अट मी पाळली आहे.

गेल्या ऑक्टोबरात मी ती सायकल गाडीच्या टपावर बांधून तुमच्याकडे आणली, तेव्हा ती आमच्या गॅरेजमध्ये वीस वर्षे हुकाला टांगलेली होती. 1997 साली शिकायला कॅलिफोर्नियात सॅन होजेला आल्यावर पहिल्या उन्हाळी नोकरीच्या पैशांतून मी ती जुनी विकत घेतली होती. पुढेमागे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली, डोंगरउतारासाठी म्हणून विकली गेलेली 1995 सालची ती सायकल माझ्या त्या वर्षांतली सर्वांत आवडती वस्तू होती. घरच्यांची आठवण आली की मी तिच्यावरून टेकडी चढायचे आणि उतरताना ती आठवण थोडी सैल व्हायची. पुढे मुले झाली, नोकऱ्या बदलल्या आणि सायकल वर टांगली गेली ती गेलीच.

तुम्ही पुढच्या चिमट्याच्या, म्हणजे फोर्कच्या, नळीवरची टोपी उघडून आतली सळई बाहेर काढलीत, ते दृश्य मी विसरणार नाही. सळईवर एकावर एक ओवलेल्या, रबरासारख्या लवचीक इलॅस्टोमरच्या गुटक्यांच्या जागी पावसाळ्यात पाघळलेल्या गुळासारखा चिकट, पिवळट लगदा होता. मला रडू येण्याच्या बेतात होते. तुम्ही मात्र तो लगदा बोटावर घेऊन चोळलात, वास घेतलात आणि शांतपणे म्हणालात, "हे असंच व्हायचं होतं, यात तुझी काही चूक नाही." त्या काळच्या कितीतरी चिमट्यांत तेल आणि हवेऐवजी सूक्ष्म छिद्रांच्या युरेथेनचे असे गुटके असत. मऊ-कडकपणानुसार त्यांना रंग दिलेले असत आणि आपल्या वजनाप्रमाणे ते अदलाबदल करून घालायचे असत. रचना साधी आणि हलकी होती, पण गारठा पडला की गुटके ताठरत आणि काही वर्षांनी आपोआप भुरभुरून जात. थंडीच्या दिवसांत पहाटे सायकल काढली की पहिले दोन मैल चिमटा दबतच नसे, हे मला तेव्हा माहीत होते. त्यामागचे कारण मात्र तुम्ही सांगितलेत तेव्हा, पंचवीस वर्षांनी कळले.

दोन दुकानांत मला नवा चिमटा बसवायचा सल्ला मिळाला होता आणि मी जवळजवळ तयारही झाले होते. तुम्ही फळीवर खडूने सायकलीची आकृती काढून दाखवलीत. ही फ्रेम जेमतेम 60 मिलिमीटर दबणाऱ्या चिमट्यासाठी बांधलेली आहे. आजचा लांब चिमटा घातला, तर तोंड वर उचलले जाईल, हँडलचा कोन बदलून सायकल वळणावर सुस्त होईल आणि फ्रेमच्या पुढच्या नळीच्या सांध्यावर, जिथे जुन्या अॅल्युमिनियमला आधीच ताण असतो, तिथे तरफेचा जोर आणखी वाढेल. ती आकृती मी पुसू दिली नाही, तिचा फोटो काढून ठेवला आहे.

मग तुम्ही नवे गुटके घडवायला घेतलेत. लेथवर रबरासारखी मऊ वस्तू कापायला गेले की ती हत्यारापासून दबून मागे सरकते आणि काप वेडावाकडा येतो, म्हणून युरेथेनची कांडी तुम्ही रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवलीत. काकूंच्या ओल्या नारळाच्या चवाच्या पाकिटांशेजारी वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती कांडी पाहून काकू एक अक्षरही बोलल्या नाहीत, त्याबद्दल त्यांचेही आभार. सकाळी गोठलेली कांडी चकात धरून, ताज्या धार लावलेल्या हत्याराने तुम्ही पहिला काप घेतलात तेव्हा पांढरी, लांबच लांब साल शेवयांसारखी खाली उतरत गेली आणि कांडी पुन्हा मऊ पडण्याच्या आत चार गुटके तयार झाले.

ते बसवले आणि चिमटा अर्ध्यावर अडकला. तुमच्या चेहऱ्यावर नाराजीची एक रेघही उमटली नाही, आणि मला वाटते की त्या दिवसाचा खरा धडा तिथे होता. जुने गुटके फेसाळ, छिद्राछिद्रांचे असल्यामुळे दाबले की आतल्या आत आक्रसत. नवे भरीव युरेथेन मात्र आक्रसत नाही, ते बाजूला फुगते, आणि फुगायला जागा नसेल तर नळीच्या भिंतीत अडकून बसते. तुम्ही व्यास कमी केलात, मधले भोक थोडे मोठे केलेत आणि दुसरा जोड बसला. तिसऱ्या जोडाने चिमटा हलका दबू लागला. सळईला ग्रीस लावून टोपी आवळली, मी हँडलवर वजन टाकले आणि तो पहिला मऊ, किंचित चुरचुरणारा दाब तळहातांना जाणवला. तो आवाज मला विशी-पंचविशीतला म्हणून ओळखता आला.

मागच्या भागाबद्दल तुम्ही जे समजावलेत, त्याने माझी एक जुनी शंका फिटली. माझ्या सायकलीत पेडलांची बैठक मुख्य फ्रेमवर नसून मागच्या हलत्या त्रिकोणावर आहे. म्हणून सस्पेन्शन कितीही दबले तरी चेन ताणली किंवा सैल पडत नाही, पण खोगीर आणि पेडल यांतले अंतर मात्र सारखे बदलत राहते. त्याहून मोठी गोष्ट अशी की स्वार उभा राहिला की त्याचे वजन पेडलांमार्फत थेट त्या त्रिकोणावर जाते आणि मागचे सस्पेन्शन जवळजवळ गप्प होते. उतारावर, दगडांतून जाताना, जेव्हा आपण हमखास उभे असतो, नेमके तेव्हाच! तरुणपणी मी तो दोष माझ्या पायांचा समजत होते. तुम्ही म्हणालात की ही सायकल बसून चालवायला शीक, वजन थोडे मागे ठेव, आणि दगड कुठे आहे ते आधी बघ. आजची सायकल 200 मिलिमीटर दबणाऱ्या चिमट्याने दगड गिळते, हिच्यावर मात्र दगड टाळावा लागतो, आणि टाळण्यासाठी वाट वाचावी लागते.

ब्रेकांच्या बाबतीत मी हट्ट धरला होता. 1996 च्या सुमारास आलेले, जास्त जोराने पकडणारे व्ही-ब्रेक बसवावेत, निदान पुढे तरी, असे माझे म्हणणे होते. तुम्ही ना हो म्हणालात ना नाही. जुन्या कँटिलिव्हर ब्रेकचीच रबरे सोडवून त्यांच्या मागच्या टोकाखाली जाड कागदाची घडी ठेवलीत, म्हणजे पुढची कड रिमला आधी टेकावी, आणि मगच पाना आवळलात. किंचाळणे थांबले. ओल्या रिमवर पहिले काही फेरे ते काहीच पकडत नाहीत, हे मात्र आजही तसेच आहे आणि मी ते मान्य केले आहे.

एप्रिलमध्ये तुम्ही मला गोल्डन गेट पुलापलीकडे फेअरफॅक्सला नेलेत, ती सकाळ या सगळ्याचा कळस होती. तिथल्या सायकलींच्या संग्रहालयात जुन्या, जाड टायरांच्या सायकलींसमोर उभे राहून तुम्ही रिपॅकची गोष्ट सांगितलीत. 21 ऑक्टोबर 1976 रोजी त्या गावामागच्या मातीच्या रस्त्यावर पहिली शर्यत झाली. सुमारे दोन मैलांत 1300 फूट उतार होता, आणि सायकली होत्या त्याच्या कितीतरी आधी बनलेल्या, पेपर टाकणाऱ्या मुलांच्या सायकलींसारख्या साध्या. मागे पेडल मारून लागणाऱ्या कोस्टर ब्रेकच्या हबमधले, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातले, ग्रीस त्या उताराने तापून धूर होऊन जाई आणि प्रत्येक फेरीनंतर हब उघडून नवे ग्रीस भरावे लागे, म्हणजे "रिपॅक" करावे लागे. त्यावरून रस्त्यालाच ते नाव पडले. त्या रस्त्यावर शर्यतपटू गॅरी फिशर यांनी नोंदवलेली 4 मिनिटे 22 सेकंदांची वेळ तुम्ही जशी एका दमात सांगितलीत, तशी आमच्या सातारला लोक गावस्करांच्या धावा सांगतात. कोलोरॅडोतल्या डुरँगोला 1990 साली डोंगरी सायकलींची जागतिक स्पर्धा झाली आणि ग्रेग हर्बोल्ड यांनी उताराची शर्यत जिंकली, कॅलिफोर्नियातल्याच मॅमथ पर्वताच्या अकरा हजार फुटांवरच्या माथ्यावरून कामिकाझे नावाच्या उताराच्या शर्यती सुटत, हे सगळे मी विद्यार्थिदशेत मासिकांत वाचले होते. पण त्या साऱ्याचा उगम एका जळलेल्या ग्रीसच्या वासात आहे, हे मला तुमच्या स्वतःच्या जुन्या सायकलीचा हब हातात घेईपर्यंत जाणवले नव्हते.

कारण त्या दिवशी तुम्हीही तुमची कोस्टर ब्रेकची सायकल आणली होती. खांद्याच्या दुखण्यामुळे तुम्ही उतार केला नाहीत, पायथ्याशी थांबलात. मी वरून आले, त्या रस्त्यांवरची ताशी 15 मैलांची मर्यादा पाळत, बसून, दगड वाचत. मध्ये एका ठिकाणी खडी सुटी होती, तिथे जुन्या सवयीने उभी राहिले आणि मागचे चाक लगेच ताठ होऊन उडाले. मी पुन्हा बसले. पुढचा चिमटा दर दगडाला तोच चुरचुरता आवाज करत होता. खाली पोहोचले तेव्हा तुम्ही विचारलेत, "गरम झाला का?" आणि मी काही बोलण्याआधी रिमला हात लावून पाहिलात. मग तुम्ही मला तुमच्या सायकलीवर एक छोटा टप्पा मारायला लावलात आणि परत आल्यावर हबवर हात ठेवायला सांगितलात. तो चांगलाच तापला होता.

माझ्या हातून स्वतःचे काम तुम्ही कधीही काढून घेतले नाहीत. घाई झाली की पाना माझ्याकडेच दिलात, पेच चुकीचा आवळला तर सैल करायलाही मलाच लावलेत, आणि चाकाचा आऊट काढताना मी तीनदा आरे उलट्या बाजूला फिरवले तरी आवाज चढवला नाहीत. मला या वयात असे शिकवणारे कोणी भेटेल असे वाटले नव्हते. त्याबद्दल मी तुमची अत्यंत ऋणी आहे.

उरलेले दोन गुटके मी डब्यात तारीख आणि व्यास लिहून ठेवले आहेत, आठ-दहा वर्षांनी लागतील. येत्या शनिवारी तुमच्या हबचे ग्रीस बदलायचे ठरले आहे. या वेळी हब मी उघडेन, तुम्ही फक्त शेजारी बसा. छर्रे पडू नयेत म्हणून जुनी परात घेऊन येते आहे, आणि काकूंना सांगा की फ्रीझरमध्ये काही ठेवायचे नाही.

आपली कृतज्ञ,
सातारची पुतणी