कृत्रिम पायाची देखभाल जिल्ह्यातच व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सीमेवर पाय गमावलेल्या जवानाला कृत्रिम पाय बसवल्याचे छायाचित्र अधूनमधून वृत्तपत्रांत येते आणि ते पाहून सगळ्यांनाच बरे वाटते. तो पाय घेऊन जवान गावी परतल्यावर पुढच्या दहा-वीस वर्षांत काय होते, हे मात्र क्वचितच छापून येते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत नाईक होते. २००२ साली, सीमेवर मोठे सैन्य तैनात केलेल्या ऑपरेशन पराक्रमच्या काळात, राजस्थान सीमेवर सुरुंगाच्या स्फोटात त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात त्यांना पहिला पाय मिळाला. दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४४ मध्ये सुरू झालेल्या या केंद्रातल्या तंत्रज्ञांनी त्यांना केवळ पाय बसवून दिला नाही, तर चढ कसा चढायचा आणि पडल्यावर कसे उठायचे हेही शिकवले. त्यांचे नाव वडील आजही आदराने घेतात.

अडचण नंतर सुरू होते. कापलेल्या पायाचा उरलेला भाग, ज्याला सगळे स्टंप म्हणतात, वर्षागणिक बारीक होत जातो आणि त्यावर बसणारे सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाचा वरचा खोलगट भाग, मात्र तेवढेच राहते. वडील सकाळी स्टंपवर एक सुती मोजा चढवतात. दुपारपर्यंत सॉकेट हलू लागले की दुसरा चढवतात, संध्याकाळी तिसरा. पावसाळ्यात काळ्या मातीच्या रानात पाय रुतला की आतली कातडी घासली जाते. काही वर्षांपूर्वी अशाच घासण्यातून जखम झाली, ती चिघळली आणि पाय कपाटामागे उभा करून ठेवावा लागला. नव्या सॉकेटसाठी केलेला अर्ज एका कार्यालयाने एका दाखल्यावर शिक्का नाही म्हणून परत पाठवला, आणि शिक्का मिळेपर्यंत चार महिने गेले.

त्या चार महिन्यांत वडील पारावर गेले नाहीत. दरवर्षी पंधरा ऑगस्टला पदके लावून शाळेच्या झेंडावंदनाला जाणारा माणूस त्या वर्षी 'कुबड्यांवर नको' म्हणून घरात बसून राहिला. रात्री दोन-तीन वाजता ते ओट्यावर बसलेले दिसत. आम्हाला वाटले, वय झाले. आईने मात्र पहिल्यांदा ओळखले की हे वेगळे आहे. पुढे डॉक्टरांनी नैराश्याचे निदान केले आणि औषधे सुरू झाली. त्यांचा उपयोग झालाच, पण वडिलांच्या चेहऱ्यात खरा फरक पडला तो नवे सॉकेट आल्यावर, ते एकटे चालत दूध घालायला डेअरीवर गेले त्या दिवशी. मन आणि पाय यांची दोन वेगळी खाती करून चालत नाही, हे मला तेव्हा कळले.

नसलेल्या पायाच्या वेदनेचेही तसेच. डाव्या पायाची बोटे कुणीतरी पिळत आहे असे वडिलांना वाटे, आणि लोक वेड्यात काढतील म्हणून त्यांनी ते कित्येक वर्षे कुणाला सांगितले नाही. एका फिजिओथेरपिस्टने दोन्ही पायांच्या मध्ये आरसा उभा धरून उजव्या पायाची बोटे हलवायला सांगितली. आरशात दोन्ही पाय हलताना दिसतात आणि मेंदूची समजूत पटते. सगळ्यांनाच याने आराम पडत नाही, वडिलांना बराच पडला. लागला तो कपाटाच्या दारातला जुना आरसा आणि ही वेदना खरी असते हे सांगणारे कुणीतरी.

सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. उपचारांचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले, जे पॅरालिम्पिकमधले भारताचे पहिले सुवर्ण होते. त्यांची जिद्द मोठी होतीच, पण शरीर हलते ठेवण्याचा मार्ग त्यांना कुणीतरी वेळेवर दाखवला होता. खडकीच्या पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्रातही मणक्याला इजा झालेले जवान व्हीलचेअरवर बास्केटबॉल खेळतात, त्यांच्यावर रोज कुणाचे तरी लक्ष असते. गावात राहणाऱ्याकडे असे लक्ष देणारे कुणी नसते.

तंत्रज्ञान आता पुष्कळ पुढे गेले आहे. आयआयटी मद्रासने २०२२ मध्ये 'कदम' हा देशी बनावटीचा कृत्रिम गुडघा आणला. व्हीलचेअरला जोडून रस्त्यावर चालवता येणारे बॅटरीचे यंत्रही तिथेच तयार झाले. स्टंपचे माप प्लास्टरऐवजी स्कॅनरने घेता येते, म्हणजे माप साताऱ्यात घेऊन सॉकेट पुण्यात बनू शकते. शेवटची बसवणी माणसाच्या हातानेच व्हावी लागते हे खरे, तरी चार खेपांची एक खेप होईल.

माझी विनंती एवढीच आहे की, जिल्ह्याच्या ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) पॉलिक्लिनिकमध्ये महिन्यातला एक दिवस कृत्रिम अवयवांच्या तंत्रज्ञासाठी ठरवून द्यावा, किरकोळ दुरुस्ती तिथेच व्हावी, आणि त्याच दिवशी समुपदेशकही हजर असावा. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर २०२३ मध्ये सैनिकांसाठी टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी फोनसेवेचा, खास कक्ष सुरू झाला आणि तिचा १४४१६ हा क्रमांक सर्वांसाठीच खुला आहे. पण वडिलांच्या पिढीचा माणूस 'मन बरे नाही' म्हणून फोन लावत नाही. सॉकेट दाखवायला मात्र तो नक्की येतो, आणि शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाशी हळूहळू बोलूही लागतो.

वडिलांचे सॉकेट पुन्हा सैल होऊ लागले आहे. हल्ली सकाळीच दोन मोजे लागतात.

आपली,
एका माजी सैनिकाची मुलगी,
जि. सातारा