सौरसंच घेताना इन्व्हर्टरची चौकशी आधी करावी

महोदय,

२०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटच्या संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळत असल्याने आमच्या दारव्हा तालुक्यातही सौरसंचांची विचारपूस वाढली आहे. मात्र विक्रेते पॅनेलच्या वॅटपलीकडे फारसे सांगत नाहीत. पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा आणि बॅटरीविना ग्रीडला, म्हणजे वीजकंपनीच्या तारांना, जोडलेला साधा इन्व्हर्टर, त्या तारांत उलटी वीज जाऊन लाइनमनच्या जिवाला धोका नको म्हणून, वीज जाताच आपोआप बंद होतो, आणि मग छपरावर रखरखीत ऊन असूनही घरातला पंखा थांबतो. जिथे वीज वारंवार जाते, तिथे खर्च वाढला तरी हायब्रीड (ग्रीड आणि बॅटरी दोन्हींवर चालणारा) इन्व्हर्टर व बॅटरीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. वैदर्भीय उन्हाळ्यात तापलेले पॅनेल वीजही कमी देते, म्हणून ते टिनाला चिकटवून न बसवता खालून हवा खेळू द्यावी. अर्थिंगमध्ये तर काटकसर नकोच.

– एक शेतकरी, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ