पोळ्या करायला येणाऱ्या ताईंबद्दल

दादर, मुंबई

चि. अमेयस,
अनेक आशीर्वाद.

तुमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईंच्या दंडावरचे वळ पाहून त्यांच्या नवऱ्याला गाठून दम भरावा असे तुझ्या मनात आले, हे तू फोनवर सांगितलेस. तुझा राग मला समजतो, पण तसे मुळीच करू नकोस. तू दम देऊन घरी परतशील आणि त्याची वसुली तो रात्री दार लावून त्यांच्याकडून करील. दुसऱ्या दिवसापासून त्यांचे कामावर येणेही बंद होईल.

महापालिकेच्या रुग्णालयात परिचारिका असताना अपघात विभागात अशा बायका मी सतत पाहिल्या. केसपेपरवर 'न्हाणीघरात पाय घसरला' असे लिहिलेले असे आणि वळ मात्र गळ्यावर, दंडाच्या आतल्या बाजूला, म्हणजे पडून सहसा लागत नाही अशा जागी. नवरा सोबत असला की उत्तरेही तोच देई. टाके घालून, धनुर्वाताचे इंजेक्शन देऊन बाई परत त्याच घरी जाई, कारण तिला पाठवावे अशी दुसरी जागाच नव्हती.

तशी जागा 2000 साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात झाली. महापालिका आणि 'सेहत' ही संस्था यांनी मिळून तिथे घरात मार खाणाऱ्या बायकांना मदत आणि समुपदेशन देणारे 'दिलासा' केंद्र सुरू केले आणि पुढे ते महापालिकेच्या इतर रुग्णालयांतही पोहोचले. रुग्णालय निवडण्यात मोठे शहाणपण होते. पोलीस ठाण्याची पायरी चढली की वस्तीत बोभाटा होतो, पण खोकल्याचे औषध आणायला निघालेल्या बाईला कोणी अडवत नाही. तिथली समुपदेशक आधी एवढेच विचारते की आज घरी जाणे सुरक्षित आहे का. नसेल तर देखरेखीच्या निमित्ताने वॉर्डात ठेवून घेता येते. जखमांची नीट नोंद होते आणि ती पुढे न्यायालयात पुरावा म्हणून उपयोगी पडते. नवऱ्याला सोडा किंवा सांभाळून घ्या, यातले काहीही तिथे लादले जात नाही, आणि मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते.

पोलिसांकडे जायचे त्यांनी ठरवलेच, तर टाटा समाजविज्ञान संस्थेने 1984 मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात सुरू केलेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष आहे. तिथे वर्दीतली माणसे नव्हे, तर प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या भेटतात. एरवी ठाण्यात एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, लिहून 'घरातले घरात मिटवा' असे ऐकून परतलेल्या बायका थोड्या नाहीत.

या शहरात बाई मार खाऊनही थांबते ती बहुतेक वेळा खोलीपायी. खोली सासऱ्याच्या नावावर, माहेरच्या दहा बाय बारामध्ये भावाचा संसार, मग मुलांना घेऊन जायचे कुठे? म्हणून 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातली एक गोष्ट त्यांना कळायलाच हवी. ज्या घरात त्या नांदल्या तिथे राहण्याचा हक्क त्यांना आहे, खोली त्यांच्या नावावर नसली तरी. या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करून संरक्षण, निवास, खर्च आणि मुलांचा तात्पुरता ताबा मागता येतो. वकिलाच्या फीची चिंता नको, कारण विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तारखा मात्र पडत राहतात, हेही त्यांना आधीच सांगावे. कायद्यात साठ दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा असे म्हटले आहे. न्यायालयात ते दिवस फार लांबतात.

माहिती दुसऱ्या कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला देऊ शकतो आणि ती सद्‌हेतूने दिली तर देणाऱ्यावर बालंट येत नाही. तरीही त्यांना विचारल्यावाचून तू ती देऊ नकोस. जीवच धोक्यात दिसला तर मात्र सरळ 112 लावायचा.

बोलणे तुझ्यापेक्षा सूनबाईने करावे, तेही तू घरात नसताना, पोळ्या चालू असतानाच. दिलासाचा पत्ता कागदावर लिहून देऊ नका आणि मोबाइलमध्येही घालू नका, कारण नवरा दोन्ही तपासतो. 181 हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक तीनच आकडी आहे, तो पाठ होतो. आधारकार्ड, रेशनकार्ड, पासबुक आणि मुलांचे दाखले यांच्या प्रती तुमच्या कपाटात ठेवायची तयारी दाखवा. त्या लगेच 'हो' म्हणणार नाहीत. महिनोन्‌महिने काही बोलणारही नाहीत. तोवर खाडे झाले म्हणून पगार कापू नका आणि दुसरी बाई बघू नका.

तुझी,
आई