काकूंचं तिकीट

प्रिय मंजू,

काकूंच्या तुझ्याकडे सॅन फ्रान्सिस्कोला येण्याबद्दल फोनवर नीट बोलताच येत नाही, तू घाईत असतेस आणि काकू शेजारी बसलेल्या असतात, म्हणून लिहितेय. काल संध्याकाळी रामबागेत काकूंकडे गेले होते. काकू म्हणाल्या, अगं खरंच किती लांब आहे ते, मंजू म्हणते पंधरा तास. मग मी पोरांचा पृथ्वीचा गोल काढला, काकूंनी देवघरातलं वातीचं सूत आणलं, एक टोक त्यांनी दिल्लीवर बोटाने दाबून धरलं, दुसरं मी सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि ताणलं तर सूत जपानकडे गेलंच नाही, सरळ वर सायबेरिया, आर्क्टिक समुद्र, मग अलास्काकडून खाली. काकू कितीतरी वेळ बघत राहिल्या. "म्हणजे बर्फावरून जायचं?"

तू जे १२,४०० किमी नेटवर बघितलंस ना, ते म्हणजे हे सूत. पण विमान काही सुतावरून चालत नाही गं, वर दहा-अकरा किलोमीटरवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, जेट स्ट्रीम, तो पाठीशी घ्यायला वाट वाकडी करतात. २०१६ मध्ये एअर इंडियाने हीच फ्लाइट अटलांटिक सोडून पॅसिफिकवरून नेली, १३,९०० किमीऐवजी १५,३०० किमी झाले आणि तरी साडेचौदा तासांत पोचली! म्हणून नुसतं अंतर बघून वेळ काढू नकोस.

आणि ते पंधरा तास तर फक्त दिल्लीपासूनचे. आपलं घर कुठे, एरोड्रम रोडवरचा विमानतळ कुठे, इंदूर ते दिल्ली दीड तास, मग दिल्लीला इमिग्रेशन, तिकडे उतरल्यावर परत तीच लाइन, मी हिशोब केला तर दारापासून दारापर्यंत २४ तासांच्या वरच जातात. बहात्तर वर्षांच्या बाईला हे झेपेल, काकू खंबीर आहेत, पण तू बघितलेलं ते दोन तासांच्या गॅपचं तिकीट प्लीज काढू नकोस. इंदूरची फ्लाइट तासभर लेट झाली की संपलं, आणि दोन वेगळी तिकिटं असली तर दिल्लीला बॅगही स्वतःच उचलून परत द्यावी लागते, त्यांनी एकट्याने कुठे धावायचं? एकच तिकीट काढ, मध्ये पाच-सहा तास ठेव, थोडे पैसे जास्त जाऊ देत. व्हीलचेअर बुकिंग करतानाच सांग. बीपीच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी मी हातातल्या पर्समध्येच ठेवीन, आणि विमानात दर दोन तासांनी उठून चार पावलं चालायचं हे त्यांच्याकडून वदवून घेतलंय.

त्यांना खरी काळजी वेगळीच आहे. त्या दिवशी एकादशी आली तर? पहाटे निघून त्याच तारखेला सकाळी तुझ्याकडे, असं कसं? सांगितलं, तुमचं घड्याळ आमच्यापेक्षा साडेबारा तास मागे, म्हणजे ती तारीख काकूंना साडेछत्तीस तासांची पडणार. तर म्हणतात मग उपास पण साडेछत्तीस तास करते. आता तूच समजाव. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तुमची घड्याळं बदलून फरक साडेतेरा होतो, म्हणून त्याआधीचंच बघ.

गोल काकूंकडेच ठेवून आलेय. आज सकाळी सूत अजून त्यावरच होतं, दोन्ही टोकांना कुंकू लावून चिकटवलेलं.

आजच तिकीट बघ आणि फायनल करायच्या आधी मला पाठव.

तुझी,
वंदू