समान अक्षरांचे शब्द निवडताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या विद्यार्थी पुरवणीत ठरावीक अक्षरे समान असणारे इंग्रजी शब्द अर्थांसह देणारे सदर नियमितपणे येते. परीक्षेची तयारी करणाऱ्यांना अशा याद्यांचा उपयोग होतो, यात शंका नाही. मात्र शब्दांची निवड करताना अक्षरे जुळतात एवढेच पाहिले जाते आणि ती का जुळतात याचा उलगडा कोठेच होत नाही, याकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

'सी-ए-टी' या अक्षरांनी सुरू होणारे शब्द घ्या. कॅट, कॅटल, कॅटलॉग, कॅटॅस्ट्रॉफी, कॅटरॅक्ट हे शब्द एकाखाली एक छापले आणि पुढे मांजर, गुरेढोरे, सूची, घोर आपत्ती व मोतीबिंदू असे अर्थ दिले, तर विद्यार्थ्याच्या हाती घोकंपट्टीशिवाय काहीच लागत नाही. वास्तविक यातील शेवटच्या तीन शब्दांत 'खाली' किंवा 'पूर्णपणे' या अर्थाचा एकच ग्रीक उपसर्ग आहे, तर कॅटल हा शब्द मालमत्ता या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला असून त्याचे नाते कॅपिटल, म्हणजे भांडवल, या शब्दाशी आहे. मांजराचा यांपैकी कोणाशीही संबंध नाही. हे चार ओळींत सांगता येते आणि एकदा कळले की पुसले जात नाही.

मराठी वाचकासाठी सर्वांत फलदायी गट मला 'के-एन'चा वाटतो. नी म्हणजे गुडघा, नो म्हणजे जाणणे, नाइफ म्हणजे सुरी, नॉट म्हणजे गाठ. या सर्वांतील 'के' आज मुका आहे. परंतु जुन्या इंग्रजीत तो स्पष्ट उच्चारला जात असे आणि जर्मन भाषेत गुडघ्याला आजही 'क्नी' असेच म्हणतात. भाषाशास्त्राच्या दृष्टीने इंग्रजी 'नी' आणि संस्कृत 'जानु' हे सगोत्र शब्द आहेत, तसेच 'नो' आणि 'ज्ञा' हा धातूही. 'आजानुबाहू' किंवा 'ज्ञान' हे शब्द जन्मापासून कानावर असणाऱ्या मुलाला तो मुका 'के' म्हणजे परक्या स्पेलिंगची खोड न वाटता आपल्याकडच्या 'ज'चा दूरचा भाऊबंद वाटू लागेल. डायग्नोसिस म्हणजे रोगनिदान, अ‍ॅग्नॉस्टिक म्हणजे अज्ञेयवादी आणि इग्नोरन्ट म्हणजे अज्ञ, यांतील 'जी-एन' हीदेखील त्याच कुळातली. इतका सोपा धागा हाताशी असताना तो सोडून द्यावा, हे खरोखर अनाकलनीय आहे.

याच गटातील 'नॉट' या शब्दाचा 'गाठ' एवढाच अर्थ देऊन पुढे जाणेही पुरेसे नाही. जहाजाचा वेग मोजण्यासाठी समान अंतरावर गाठी मारलेली दोरी पाण्यात सोडत आणि ठरावीक वेळात किती गाठी हातातून सरकल्या हे मोजत. त्यावरून नॉट हे वेगाचे एकक झाले. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. दोन्ही अर्थ शेजारी दिले, तर दुसरा वेगळा पाठ करावा लागत नाही.

'एस-एन'ने सुरू होणारे शब्द वेगळ्या कारणाने एकत्र येतात. स्नाउट म्हणजे प्राण्याचे नाकाड, स्नोअर म्हणजे घोरणे, स्निफ म्हणजे हुंगणे, स्नीझ म्हणजे शिंकणे. नाकाशी संबंधित असे शब्द या ध्वनीभोवती गोळा झालेले दिसतात, इतके की 'स्नीझ' जुन्या इंग्रजीत 'एफ-एन'ने सुरू होत असे आणि नंतर या कळपात येऊन मिळाला. अर्थात हा नियम नव्हे. स्नेक आणि स्नो यांचा नाकाशी काही संबंध नाही, हेही तेथेच सांगावे.

पाचही स्वर क्रमाने येणारे किंवा एकही स्वर नसणारे शब्द हा करमणुकीचा भाग आहे. तो जरूर असावा, पण कोपऱ्यात.

दोन सूचना कराव्याशा वाटतात. प्रत्येक शब्दाबरोबर देवनागरीत उच्चार आणि एक छोटे वाक्य द्यावे. त्यासाठी शब्दांची संख्या निम्मी करावी लागली तरी हरकत नाही. दुसरे असे की, फसव्या अक्षरांसाठी स्वतंत्र चौकट ठेवावी. कर्ज या अर्थाच्या 'डेट'मधला मुका 'बी' विद्वानांनी लॅटिन मूळ शब्दाकडे पाहून मागाहून बसवला, आणि तोच 'बी' डेबिटमध्ये खणखणीत ऐकू येतो. म्हणजे येथे नाते तरी खरे आहे. आयलंडमधला 'एस' मात्र निव्वळ गैरसमजातून आला. हा शब्द मूळचा जर्मानिक वंशाचा आणि 'एस'विना होता. बेट याच अर्थाच्या, पण लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेल्या 'आइल' या शब्दाशी त्याचे नाते असल्याचे समजून त्यात 'एस' घुसडला गेला. 'आय-एस-एल' या अक्षरांची यादी कधी छापली, तर या दोघांना एकाच कुळातले म्हणून दाखवू नये.

आपला,
एक वाचक