मुरमांचे काळे डाग आणि चिठ्ठीशिवाय मिळणारी ट्यूब

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सांगलीत मी बत्तीस वर्षे औषधाचे दुकान चालवले. दुकान आता मुलगा पाहतो. मी संध्याकाळी दोन तास काउंटरवर बसतो, तेवढेच. गेल्या महिन्यात अशाच एका संध्याकाळी एकोणीस-वीस वर्षांची एक मुलगी आली आणि मोबाइलवरचा फोटो माझ्यापुढे धरून म्हणाली, “काका, ही ट्यूब द्या.” फोटो तिच्या मामेबहिणीने पाठवलेला होता. मुलीच्या दोन्ही गालांवर आणि हनुवटीच्या कडेने मसुराच्या डाळीएवढे तपकिरी डाग होते, मधूनच दोन-तीन ताजे मुरूम दिसत होते आणि घरातला साखरपुडा तीन आठवड्यांवर आला होता. मी डॉक्टरांची चिठ्ठी मागितली, तशी ती गोंधळली. “चिठ्ठी कशाला? बाकीच्या मेडिकलमध्ये अशीच देतात की,” म्हणाली आणि निघून गेली. पुढच्या चौकात तिला ती ट्यूब मिळाली असणार, याबद्दल मला शंका नाही. हे पत्र त्या ट्यूबविषयी आहे.

ट्यूब बोटाएवढी असते. तिच्यावर नाव मोठ्या अक्षरांत आणि घटक भिंगाने वाचावे लागतील इतक्या बारीक अक्षरांत छापलेले असतात: हायड्रोक्विनोन २ टक्के, ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के, मोमेटासोन ०.१ टक्का. पहिले औषध त्वचेतील रंगद्रव्य तयार होण्याची क्रिया रोखते, दुसरे वरच्या थरातील पेशींची उलाढाल वाढवते आणि तिसरे आहे स्टिरॉइड, म्हणजे दाह आणि लाली दाबणारे औषध. अशा तिहेरी मिश्रणाची कल्पना नवी नाही. क्लिगमन आणि विलिस या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञांनी १९७५ मध्ये डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड घालून ती मांडली होती. आजही वांगावर, म्हणजे गालांवर आणि कपाळावर पसरट उमटणाऱ्या डागांवर, तज्ज्ञ हे मिश्रण मोजक्या आठवड्यांसाठी आणि आपल्या देखरेखीखाली देतात. मुरमांचे डाग हा वेगळा प्रकार आहे. शिवाय चेहऱ्यावर दीर्घकाळ लावलेल्या स्टिरॉइडमुळेच मुरूम उठतात, त्यामुळे मुरमांचे डाग घालवायला ही ट्यूब लावणे म्हणजे आगीतून फुफाट्यात जाणे होय.

तरीही ती खपते, कारण पहिले आठ-दहा दिवस ती खरोखरच काम करते. लाली ओसरते, मुरूम बसतात, चेहरा उजळतो. मुलगी खूश, आई खूश, आणि शेजारणीलाही ट्यूबचे नाव कळते. पुढे तिच्याशिवाय चालेनासे होते. लावणे थांबवले की चेहरा लालबुंद होतो, आग होते, पुरळ उठते, आणि ते शमवायला पुन्हा तीच ट्यूब लागते. असे काही महिने गेले की कातडी पातळ होते, रक्तवाहिन्यांचे तांबडे धागे दिसू लागतात, गालांवर आणि ओठांवर लव वाढते.

हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. मी ही ट्यूब विकली आहे, तीही कित्येक वर्षे, आणि दहावर एक फुकट अशी योजना आली की जास्तीच्या मागवूनही ठेवल्या आहेत. आमच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांतल्या एक बाई दर महिन्याला येऊन ती नेत असत. दीडेक वर्षाने एकदा भर दुपारी त्या आल्या आणि तोंडावरचा पदर बाजूला झाला, तेव्हा त्यांचे दोन्ही गाल सोललेल्या टोमॅटोसारखे दिसत होते. साधे पाणी लावले तरी चुरचुरते, असे त्या म्हणाल्या. दोष त्यांनी उन्हाला दिला आणि आणखी एक ट्यूब मागितली. त्या दिवशी मी त्यांना मिरजेच्या शासकीय रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात जायला सांगितले. पण त्याआधीच्या सतरा-अठरा ट्यूब माझ्याच काउंटरवरून गेल्या होत्या, हे कसे विसरू?

त्वचारोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने या गैरवापराविरुद्ध अनेक वर्षे मोहीम चालवली आहे आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायच्या १४ स्टिरॉइडांची चिठ्ठीशिवाय होणारी विक्री बंद करण्यासाठी नियमांत बदलही केला. तोही कागदावरच राहिला. ट्यूबचीही पायरी ओलांडून काही जण बिननावाच्या डब्यांकडे वळतात, ते तर अधिकच भयंकर आहे. अकोल्यातील एका विद्यार्थिनीच्या, तिच्या आईच्या आणि बहिणीच्या मूत्रपिंडांना ब्युटिशियनकडून घेतलेल्या क्रीममुळे इजा झाल्याची बातमी २०२३ च्या सुरुवातीला आपण सर्वांनी वाचली. त्या क्रीममध्ये पारा आढळला होता. त्याच वर्षी केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यात असेच रुग्ण सापडले आणि तिथल्या औषध नियंत्रण विभागाने दुकानांवर धाडी घातल्या. आपल्याकडे डोळ्यांखेरीज इतर सौंदर्यप्रसाधनांत नकळत मिसळलेला पारा दहा लाखांत एका भागापेक्षा जास्त असू नये, असा नियम आहे. पण ज्या डबीवर उत्पादकाचे नाव, पत्ता, परवाना क्रमांक यांपैकी काहीच नाही, तिला नियम कुठून लावणार?

मग डागांचे करायचे काय, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर लोकांना सहसा आवडत नाही, कारण त्यात महिने लागतात.

डाग आणि खड्डा यांतला फरक आधी ओळखावा. डोळे मिटून गालावरून बोट फिरवले असता कातडी सपाट लागली, तर तो नुसता रंग आहे. बोट खाली गेले, तर तो व्रण आहे आणि तो कोणत्याही मलमाने भरून येत नाही. सपाट डाग होतो तो असा: मुरमाच्या जागी दाह झाला की त्वचेतील रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी चेतवल्या जातात आणि गरजेपेक्षा जास्त रंग ओततात. या पेशींची संख्या गोऱ्या आणि सावळ्या माणसांत जवळपास सारखीच असते. सावळ्या-गव्हाळ त्वचेत त्यांचे काम अधिक जोमात चालते, म्हणून आपल्याकडे लहानशा पुटकुळीचाही डाग राहतो. हा रंग वरच्या थरात असेल तर डाग तपकिरी दिसतो आणि काही महिन्यांत फिका पडतो. तो खालच्या थरात उतरला असेल तर निळसर-राखाडी छटा येते आणि मग वर्ष, कधी त्याहून अधिक काळ लागतो. नखाने फोडलेला मुरूम दाह वाढवतो आणि डाग गडद करतो.

म्हणून तज्ज्ञ आधी मुरूम आवरतात. जुने डाग पुसत बसायचे आणि रोज चार नवे येऊ द्यायचे, हे गळत्या बादलीत पाणी भरण्यासारखे आहे. रात्री ॲडापलीन ०.१ टक्क्याचे जेल वाटाण्याएवढे घेऊन सगळ्या चेहऱ्यावर पातळ लावायला सांगतात, नुसत्या डागावर नव्हे. त्याने मुरूमही कमी होतात आणि डागही. पहिले काही आठवडे कातडी कोरडी पडून सोलवटते, तेव्हा बरेच जण औषध लागू पडत नाही असे समजून सोडून देतात. बेंझॉइल पेरॉक्साइडही दिले जाते, त्याने उशीच्या अभ्र्यावर पांढरे डाग पडतात, हे मात्र घरी सांगून ठेवावे. ॲझेलाइक ॲसिड हे मुरूम आणि डाग या दोन्हींवर चालणारे आणि गरोदरपणातही सहसा चालणारे औषध आहे. ॲडापलीन आणि ट्रेटिनॉइन त्या काळात टाळतात. यांतले काय, किती आणि किती दिवस, हे डॉक्टर ठरवतात. नुसते हायड्रोक्विनोनही मनाने वर्षानुवर्षे लावले, तर कातडी उलट काळीनिळी पडू शकते. ॲसिडचे पील, म्हणजे ॲसिड लावून कातडीचा वरचा थर सोलवणे, आणि लेसर जाणत्या हातातच बरे, कारण सावळ्या त्वचेवर ते जास्त झाले तर त्यांचाच नवा डाग उमटतो.

यांतले काहीही उन्हापासून बचाव केल्याशिवाय टिकत नाही. एसपीएफ ३० किंवा त्याहून अधिकचे सनस्क्रीन तर्जनी आणि मधल्या बोटावर दोन पूर्ण रेघा काढून तेवढे चेहऱ्याला आणि मानेला लावायचे असते. आपल्याकडे चिमूटभर लावून एक ट्यूब वर्षभर पुरवली जाते. दिसणारा प्रकाशही हे डाग गडद करतो, म्हणून आयर्न ऑक्साइड असलेले त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीन अधिक उपयोगी ठरते. दुचाकीवर तोंडाला स्कार्फ बांधण्याची आपल्या मुलींची सवय या बाबतीत चांगलीच आहे, फक्त तो घामट स्कार्फ रोज धुतला पाहिजे. लिंबू, खाण्याचा सोडा आणि टूथपेस्ट यांविषयी एवढेच सांगतो की त्यांनी कातडी भाजून आलेल्या मुली मी काउंटरवर पाहिल्या आहेत.

आपल्याकडून दोन अपेक्षा आहेत. आपल्या पुरवणीत सौंदर्यविषयक सल्ला छापताना क्रीमच्या नावाऐवजी तिच्यातील घटक छापावेत आणि नावाच्या शेवटी ‘सोन’, ‘सोल’ किंवा ‘नाइड’ आले की तो घटक स्टिरॉइड असू शकतो, ही खूण वाचकांना द्यावी. दुसरी अपेक्षा आपल्यामार्फत अन्न व औषध प्रशासनाकडून आहे. प्रत्येक बिलावर डॉक्टरांच्या नावाचा रकाना असतो. चिठ्ठी नसताना औषध दिले की त्या रकान्यात ‘सेल्फ’ लिहायची आमच्या धंद्यातली जुनी रीत आहे. निरीक्षकांनी दुकानात येऊन केवळ या तिहेरी ट्यूबची मागच्या सहा महिन्यांची बिले काढायला सांगावीत आणि ‘सेल्फ’ किती आहेत ते मोजावेत. याला अर्धा तास पुरतो.

तपासणी आमच्यापासून सुरू करायला हरकत नाही. मुलाने दोन वर्षांपूर्वी ही ट्यूब चिठ्ठीशिवाय देणे बंद केले, त्यामुळे आठवड्याला चार-पाच गिऱ्हाइके हात हलवत परत जातात आणि त्यांतली काही पुन्हा येत नाहीत. त्याआधीची जी बिले माझ्या अक्षरात आहेत, त्यांत ‘सेल्फ’ जागोजागी सापडेल.

आपला,
एक औषधविक्रेता, सांगली