रुजुताच्या नोकरीबद्दल, अण्णाकाकांना

किसुमू, केनिया
रविवार

ती. अण्णाकाकांस,
शि. सा. न.

परवा फोनवर तुम्ही म्हणालात की रुजुताच्या डोक्यात हे समाजसेवेचं खूळ मी घातलं. तेव्हा मी गप्प बसले, कारण मागून काकूही बोलत होती, आणि तुम्ही दोघं एकदम बोलायला लागलात की तिसऱ्याला जागा उरत नाही. म्हणून लिहितेय. माझ्या आईला वाचून दाखवलंत तरी चालेल. दादाला नको, तो लगेच फॅमिली ग्रुपवर टाकेल.

खूळ मी घातलेलं नाही. बेडेकर कॉलेजमधून बी.कॉम. आणि कलिन्याला विद्यापीठात अर्थशास्त्रात एम.ए. केलेली मुलगी ऐरोलीच्या कंपनीचं ऑफर लेटर हातात असताना शहापूरच्या सामाजिक संस्थेत महिना पंचवीस हजारांवर जाते म्हणते, तेव्हा तिने आकडेमोड केलेली असते. शिकवलंय तेच ना तिला! तुमचा राग पगारावर कमी आणि ‘समाजसेवा रिटायर झाल्यावर करावी’ यावर जास्त आहे, असं मला वाटतं. तर इथे मी नेमकं काय करते ते तुम्हाला एकदा नीट सांगते. आयुष्यभर वागळे इस्टेटच्या पतपेढीची वही सांभाळलेल्या माणसाला ते घरातल्या बाकी कुणापेक्षाही जास्त कळेल.

इथल्या गावांमध्ये बायकांचे बचतीचे गट आहेत. आपल्या बचत गटासारखेच, पण बँक मध्ये नाही. पंधरा ते पंचवीस जणी आठवड्याला चर्चच्या पत्र्याच्या हॉलमध्ये जमतात. मध्ये लोखंडी पेटी, तिला तीन कुलपं, आणि तीन किल्ल्या तीन वेगवेगळ्या घरांत. तिघी आल्याशिवाय पेटी उघडत नाही, आणि उघडते ती सगळ्यांसमोरच. प्रत्येकीने त्या दिवशी एक ते पाच शेअर घ्यायचे. शेअरची किंमत गटाने वर्षाच्या सुरुवातीला ठरवलेली. पासबुकात आकडा लिहीत नाहीत, शेअरमागे एक शिक्का मारतात. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही आपले शिक्के मोजता येतात. स्वतःच्या बचतीच्या तिपटीपर्यंत कर्ज मिळतं. आजारपण, मयत यांसाठी वेगळा छोटा निधी. वर्ष संपलं की पेटी पूर्ण रिकामी करतात आणि शेअरच्या प्रमाणात सगळी रक्कम, व्याजासकट, वाटून टाकतात. बरेच गट ही वाटणी नाताळच्या सुमारास ठेवतात, कारण जानेवारीत शाळेची फी भरायची असते. मग पुन्हा शून्यापासून सुरुवात. ही पद्धत 1991 साली ‘केअर’ या संस्थेने नायजर देशात बसवली, आणि तिथून आफ्रिकाभर पसरली. आपल्याकडे त्याच सुमारास, 1992 मध्ये, नाबार्ड या ग्रामविकासाच्या सरकारी बँकेने बचत गट बँकांना जोडायला घेतले. त्यांचा पैसा पेटीत राहिला, आपला बँकेत गेला.

आता व्याज. काही गटांत महिना दहा टक्के! हे वाचून तुम्ही खुर्चीतून उठाल, हे मला दिसतंय. बसा. ते व्याज सावकाराच्या घरी जात नाही, वर्षअखेरीस त्यांच्यातच वाटलं जातं. निदान वरवर तरी असंच दिसतं. पण गटातली एक बाई वारंवार कर्ज काढते, कारण तिच्या घरात पैसा टिकत नाही, आणि दुसरीचा नवरा शिक्षक आहे, ती फक्त शेअर घेत राहते. वाटणीच्या दिवशी दुसरीला जो नफा मिळतो तो आला कुठून? पहिलीच्या खिशातून. गट उत्तम चाललाय, वसुली चोख, अहवालात फोटो हसरे, आणि आत पैसा गरिबाकडून बऱ्या घरी सरकतोय. हे प्रत्येक गटात होतं असं नाही. कुठे होतं, किती होतं आणि व्याजदर अर्ध्यावर आणला तर काय होतं, हे शोधणं माझं काम. त्यासाठी पासबुकातले शिक्के आणि कर्जाची नोंदवही समोरासमोर ठेवून बसावं लागतं. अंगात सेवाभाव असून हे कळत नाही. ताळमेळ लावता यावा लागतो, आणि जुळला नाही तर झोप लागू नये, जशी मार्चअखेरीला तुमची लागायची नाही.

या क्षेत्रातलं बरंचसं शहाणपण असंच वह्या तपासून आलंय. गरिबाला छोटं कर्ज दिलं की तो वर येतो, असं एकेकाळी सगळे छातीठोक सांगायचे. मग हैदराबादमधल्या 104 वस्त्या घेऊन त्यातल्या निम्म्यांत कर्जसंस्थेच्या शाखा आधी उघडल्या, उरलेल्यांत नाही, आणि फरक मोजला. काही जणांचे आधीपासूनचे धंदे वाढले, घरात टिकाऊ वस्तू आल्या. पण एकूण घरखर्चात, मुलांच्या शिक्षणात, बाईच्या हाती येणाऱ्या निर्णयांत मोठा फरक नव्हता. 2010 मध्ये आंध्रात कर्जांचा अतिरेक होऊन आत्महत्यांच्या बातम्या आल्या, सरकारने अध्यादेश काढला आणि वसुलीच थांबली. कर्ज वाटणाऱ्याचं कौतुक वाटप संपल्यावर करावं, हे तुम्ही पतपेढीच्या सभेत म्हणायचात; अर्थशास्त्राला ते कळायला बरीच वर्षं लागली. उलट इकडे 2007 मध्ये फोनवरून पैसे पाठवायची ‘एम-पेसा’ सोय आली, तिच्यात तेव्हा कर्ज वगैरे काही नव्हतं. पुढे अभ्यास झाला तेव्हा अंदाज निघाला की तिच्यामुळे 1 लाख 94 हजार कुटुंबं अत्यंत गरिबीतून बाहेर आली.

हैदराबादचा तो अभ्यास करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी होते, 2019चं नोबेल मिळालेले. कोलकात्याचे म्हणून आपण त्यांना सोडून देतो, पण जन्म मुंबईचा, आई निर्मलाबाई माहेरच्या पाटणकर, आणि मधलं नाव विनायक! काकूला हे जरूर सांगा, तिचा निम्मा राग जाईल. त्यांच्याबरोबर ज्यांना नोबेल मिळालं ते मायकल क्रेमर तरुणपणी इथून जवळच काकामेगाला शाळेत शिकवत होते. पुढे याच भागातल्या बुसियात त्यांनी शाळकरी मुलांना जंताच्या गोळ्या देऊन पाहिल्या. पटावरची गैरहजेरी सुमारे एक चतुर्थांशाने घटली, तेही चिल्लर खर्चात.

आपल्याकडचं उदाहरण हवं तर साताऱ्यातलं म्हसवड घ्या. चेतना सिन्हा मुंबईत अर्थशास्त्र शिकलेल्या, लग्न होऊन माण तालुक्यात गेल्या. तिथल्या बायकांसाठी बँक काढायचा अर्ज रिझर्व्ह बँकेने आधी फेटाळला, कारण प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. बायका लिहायला शिकल्या आणि पुन्हा गेल्या, आणि व्याजाचा हिशोब आम्ही तोंडी करून दाखवतो, तुमच्या साहेबांना कॅल्क्युलेटर घेऊन बसवा, असं त्यांनी सुनावलं. 1997 मध्ये माण देशी बँक उभी राहिली. सहकाराची पोथी तुम्ही मला लहानपणापासून ऐकवलीत, यातलं काय तुम्हाला परकं आहे?

आता शहापूर. मुंबईला पाणी पुरवणारी तानसा, भातसा ही धरणं ज्या तालुक्यात आहेत तिथेच उन्हाळ्यात टँकर लागतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. रुजुताचं काम मात्र वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी आदिवासी कुटुंबांबरोबर आहे. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा मुकादम उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, देऊन जातो. दिवाळीनंतर अख्खं कुटुंब पोराबाळांसकट भिवंडी-कल्याणकडच्या भट्टीवर. मजुरी हजार विटांमागे, आठवड्याला खर्ची, म्हणजे खाण्यापुरते पैसे, आणि शेवटचा हिशोब पावसाच्या तोंडावर. हा हिशोब मालकाच्या वहीत. उचल किती, खर्ची किती, विटा किती पाडल्या, किती फुटल्या म्हणून वजा, सगळं त्याच वहीत, आणि मजुराकडे कागदाचा कपटासुद्धा नाही. हंगाम संपतो तेव्हा अंगावर बाकी निघते, आणि पुढच्या वर्षी त्याच भट्टीवर जावं लागतं. वेठबिगारीविरुद्धचा कायदा 1976चा आहे, पण सरकारी अधिकाऱ्यासमोर दाद मागायची तर मजुराच्या बाजूचा आकडा हाताशी लागतो. रुजुता दर आठवड्याला भट्ट्यांवर जाऊन प्रत्येक कुटुंबाची स्वतःची वही भरणार आहे. संस्थेला आंदोलन करणारे खूप मिळाले, खतावणी लिहिणारी मिळत नव्हती. ऐरोलीत ती कुठल्यातरी अमेरिकन बँकेच्या खात्यांचा मेळ घालेल. तेही काम वाईट नाही, तिथे एसी आहे.

तुमच्या काळजीतला खरा भाग मी झाकणार नाही. या क्षेत्रात नोकरी देणगीच्या मुदतीवर टांगलेली असते. 2025च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत गोठवली, तेव्हा इथल्या आरोग्यसंस्थांमधली माझ्या ओळखीची माणसं आठवड्याभरात घरी बसली. त्यात हिशोब चोख ठेवणारीही होती. आपल्याकडे 2013च्या कंपनी कायद्यामुळे मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात, म्हणून पैसा आहे. पण बरेच प्रकल्प वर्षावर्षाने मंजूर होतात, आणि कंपनीला फोटो लवकर हवे असतात. वरच्या खुर्च्यांवर परदेशी पदवीवाले बसतात आणि गावात दहा वर्षं घालवलेला माणूस ‘फील्ड’चाच राहतो, याची मला चीड आहे, आणि मी स्वतः आता त्या खुर्चीच्या बरीच जवळ आलेय. शिवाय ‘तुम्ही तर समाजासाठी करताय’ असं म्हणत पगार दोन-दोन महिने लांबवणाऱ्या संस्था मी पाहिल्यात. त्यागाची भाषा पहिल्या मुलाखतीतच सुरू झाली तर मुलीने उठून यावं.

म्हणून तिला अडवू नका, पण तुम्ही कर्जदाराची छाननी करायचात तशी त्या संस्थेची करा. लेखापरीक्षित ताळेबंद मागा, तीन वर्षांचे. एकूण पैशातला किती भाग एकाच देणगीदाराकडून येतो ते बघा. निम्म्याहून जास्त असेल तर तो गेल्यावर काय, हे विचारा. पीएफ कापतात का? करार किती महिन्यांचा? भट्टीवर एकटीने जायचं की जोडीने, आणि संध्याकाळी आसनगाव स्टेशनला गाडीसाठी सोडायला जीप कोणाची? हा शेवटचा प्रश्न तिला विचारायला लाज वाटेल, तुम्ही विचारा. आणि तिला दोन वर्षांत कोण काय शिकवणार, तेही. तिथल्या जुन्या लेखापालाशी तुमची पाच मिनिटं गाठ पडली तर मला वाटतं तुम्हाला सगळं कळेल.

लग्नाचं मी काही लिहीत नाही. माझं अजून व्हायचंय, तेव्हा माझं मत धरणार कोण!

बुधवारी रात्री तुमच्याकडे साडेनऊ वाजता मी फोन करेन, इथे सात वाजलेले असतील. रुजुताला कराराचा कागद समोर घेऊन बसायला सांगा, आणि तुमचा चष्मा जवळ ठेवा. चौथ्या पानावर नोकरी सोडायच्या नोटिशीचं जे कलम आहे ते मला पटलेलं नाही.

काकूला नमस्कार.

तुमची,
मनाली

ता. क. इथे ओमेना नावाचे बारीक वाळवलेले मासे मिळतात, कांदा-टोमॅटोत परतले की अगदी सुकट. काकूला म्हणावं, मसाला संपत आलाय. पुढच्या महिन्यात ऑफिसमधली एक जण मुंबईहून येतेय, तिच्याबरोबर अर्धा किलो पाठव.